विस्फार आणि विस्तार

आजोबा नेत्रतपासणीहून परततात आणि डोळ्यांचे ‘डायलेशन’ केल्याचे सांगतात. त्याच आठवड्यात नातीच्या भूमितीच्या पुस्तकात ‘डायलेशन’ नावाचा पाठ निघतो. मुलांना इंग्रजी माध्यमात शिकविणाऱ्या घरांत असे सहज घडावे. शब्द एकच; पण आजोबांच्या डोळ्यात जे घडले, ते नातीच्या वहीत घडत नाही. मराठीने येथे दोन वेगळे शब्द हाताशी ठेवले आहेत. ही तिची उणीव नव्हे, सोय आहे.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ रुंद करणे. पोर्तुगीजमधील ‘दिलातार’ हे क्रियापद त्याच कुळातले. आपल्याकडील ‘विस्तार’ हा ‘स्तृ’, म्हणजे पसरणे, या धातूपासून आला. ‘विस्फार’ म्हणजे मोठे उघडणे. आश्चर्याने डोळे विस्फारतात, विस्तारत नाहीत. उलट घराणे विस्तारते, विस्फारत नाही. बोलण्याच्या या सवयीतच शास्त्रातला भेद दडलेला आहे.

प्रथम विस्फार पाहू. डोळ्याची बाहुली ही वस्तू नसून रंगीत पडद्यातील गोल छिद्र आहे. औषधाच्या थेंबांनी ते आवळणारा स्नायू सैल पडतो व छिद्र उघडते. डोळा मात्र होता तेवढाच राहतो. आमच्या पेडणे तालुक्यात कुंपणाकडेला उगवणाऱ्या धोतऱ्यातही हाच गुण आहे. त्याचा रस चुकून डोळ्यास लागला, तरी बाहुली दीर्घकाळ विस्फारलेली राहते. म्हणून मुलांना त्या झाडापासून दूरच ठेवावे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात, हा धोतरा अन्नात घालून चोऱ्या कशा होत, याची हकीकत दिली आहे. त्यातील ॲट्रोपिन हे द्रव्य आज नेत्रवैद्यकात मोजून मापून वापरले जाते. प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाचे मुख सुमारे १० सेंटिमीटर उघडते, तोही विस्फारच. तेथे मुखाची कड पातळ होत जाते आणि वाट रुंदावते.

गणितातील विस्तार निराळा. एक बिंदू स्थिर धरावा आणि त्यापासूनचे प्रत्येक अंतर एकाच गुणकाने गुणावे. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात मोरजीचा ३ किलोमीटर किनारा ६ सेंटिमीटर भरेल. १:२५,००० च्या नकाशात तो १२ सेंटिमीटर होईल. शापोरा नदीच्या मुखाचे वळण मात्र तेच राहील, कारण कोन बदलत नाहीत. लांबी दुप्पट झाली, म्हणून नकाशाचा कागद चौपट लागेल. घन वस्तू असती तर घनफळ आठपट झाले असते. गंमत अशी, की गुणक अर्धा घेतला तर आकृती आकसते, तरीही गणिती त्यास ‘डायलेशन’च म्हणतो. वैद्याच्या लेखी तो विस्फाराच्या नेमका उलट प्रकार होय.

तरी दोन्ही शास्त्रांची गाठ एके ठिकाणी पडतेच. प्रखर उजेडात बाहुलीचा व्यास सुमारे २ मिलिमीटर असतो. अंधारात तरुण डोळ्यात तो ८ मिलिमीटरपर्यंत जातो. व्यास चौपट, म्हणून छिद्राचे क्षेत्रफळ १६ पट. थेंब घातल्यावर उन्हात डोळे का दिपतात आणि काही तास वाहन का चालवू नये, याचे मुख्य उत्तर या वर्गात आहे. नलिकेची गोष्ट त्याहून नवलाची. बाकी सर्व तेच ठेवून तिची त्रिज्या शेकडा १० ने वाढविली, तर संथ प्रवाह शेकडा ४६ ने वाढतो. कारण तेथे त्रिज्येचा चौथा घात लागतो. बारीक रक्तवाहिन्यांच्या किंचित रुंदावण्याने शरीरात मोठे फरक पडतात, ते यामुळेच.

शब्दाचा घोटाळा जिवावर बेतू शकतो तो हृदयाच्या बाबतीत. ‘हृदय मोठे झाले आहे’ असे डॉक्टरांनी सांगितले, की घरच्यांना धोका चटकन उमगत नाही; मोठे मन हा आपल्याकडे गुणच मानला जातो. परंतु या विकारात हृदयाचा कप्पा फुगतो, त्याची भिंत ताणली जाते आणि रक्त ढकलण्याची शक्ती घटते. तेवढाच दाब निर्माण करण्यास रुंद कप्प्याच्या भिंतीस अधिक ताण सोसावा लागतो. हे नकाशासारखे प्रमाणबद्ध वाढणे नव्हे. अशा वेळी ‘हृदयाचा कप्पा विस्फारला व दुर्बल झाला’ असे म्हटले, तर घरातील वडीलधाऱ्यांनाही औषध का चुकवू नये, हे उमजेल.

म्हणून हा शब्द कानी पडताच तीन प्रश्न विचारावेत: काय रुंदावले, किती पटीने, आणि काय पूर्वीसारखेच राहिले? उत्तर वर्गात मिळो वा दवाखान्यात, ते मुलांनी आपल्या भाषेत घरी सांगावे. जे आजीला समजावून सांगता येते, ते आपल्यालाही समजलेले असते.