संजीवनी पद्धत

पुस्तकाच्या नावावर भुलून पुस्तक उघडू नये, हे शहाणपण मला बहात्तराव्या वर्षी आलं. माझी भाची टोरंटोला असते. गेल्या दिवाळीत ती आली आणि जाताना एक इंग्रजी पुस्तक आमच्या टीपॉयवर विसरून गेली. नाव ‘हिम’. चाळून पाहिलं, तर बर्फावरच्या हॉकीची गोष्ट. मनात म्हटलं, चला, साहेबालाही अखेर संस्कृत शब्दांची गोडी लागली! बर्फाची कादंबरी, नाव हिम. चोख काम. दुपारच्या चहानंतर वाचायला घेतली.

पन्नास पानं झाली. बर्फ वितळायचं नाव घेईना आणि नायिका यायचं नाव घेईना. दोन नायक मात्र एकमेकांच्या आठवणीने उसासे टाकत होते. शेवटी टोरंटोला फोन लावला.

“मामा,” भाची हसत सुटली, “अरे, ते हिम म्हणजे बर्फ नाही. इंग्रजी हिम. त्याला!”

म्हणजे द्वितीया, एकवचन, पुल्लिंग. शाळेत स-ला-ते, स-ला-ना-ते घोकताना त्या प्रत्ययांत एवढं काही दडलेलं असेल, अशी शंका आमच्या मास्तरांनाही आली नसावी.

सरीना बोवेन आणि एल केनेडी या दोन लेखिकांचं हे पुस्तक २०१५ सालचं. गोष्ट साधी. वेस आणि जेमी ही दोन मुलं दर उन्हाळ्यात लेक प्लॅसिडच्या हॉकी शिबिरात भेटायची. जिवाभावाचे दोस्त. शेवटच्या उन्हाळ्यात एका पैजेपायी जे घडलं, त्याने वेस घाबरला आणि मित्राला एक शब्दही न सांगता गायब झाला. जवळजवळ चार वर्षं अबोला. मग कॉलेजांच्या अजिंक्यपदाच्या वेळी दोघं पुन्हा समोरासमोर येतात. एकाच्या खिशात टोरंटोच्या व्यावसायिक संघाची नोकरी, आणि पोटात ती नोकरी जाण्याची धास्ती. या प्रकाराला तिकडे ‘सेकंड चान्स’ म्हणतात. एकदा मोडलेलं पुन्हा जुळतं. हॉकीवाल्यांच्या अशा कादंबऱ्या पुष्कळ आहेत. रेचल रीड या बाईंच्या ‘हीटेड रायव्हलरी’ नावाच्या २०१९ सालच्या कादंबरीवर तर २०२५ साली कॅनडात दूरदर्शन-मालिका झाली आणि ती पाहायला भाचीच्या घरी मैत्रिणी चिवड्याचे डबे घेऊन जमल्या.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मी ही गोष्ट संध्याकाळी कट्ट्यावर सांगितली आणि तिथे माझी चूक झाली.

आमच्या कट्ट्यावर एक निवृत्त हेडमास्तर आहेत. निवृत्त शाळेतून झाले, हेडमास्तरकीतून नव्हे. ते म्हणाले, “अहो, खेळाचं मैदान म्हणजे पुरुषार्थाची जागा. तिथे असली थेरं चालत नाहीत.” कट्ट्याने माना डोलावल्या. त्यांचे मुद्दे तीन होते. तिन्ही मी त्या रात्री अंथरुणात खोडून काढले. कट्ट्यावर मला ऐन वेळी काहीच सुचत नाही, म्हणून तर मी लेखक झालो.

पहिला मुद्दा पुरुषार्थाचा. हेडमास्तर रोज रात्री टीव्हीवर सामने पाहतात, पण चेंडू सोडून काही पाहतात असं दिसत नाही. गोल झाला की अकरा दणकट पुरुष एकमेकांवर रचले जातात. विकेट पडली की गोलंदाजाला उचलून घेतात, त्याचे केस विस्कटतात, वेळ पडली तर मुकाही घेतात. मी माझ्या सख्ख्या भावाला उभ्या आयुष्यात दोनदा मिठी मारली. त्यातली एक विमानतळावर, शेजारची मंडळी मारत होती म्हणून. पुरुषाने पुरुषाला भर गर्दीत कवटाळावं आणि पन्नास हजार लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, अशी जगाच्या पाठीवर एकच जागा आहे आणि ती म्हणजे खेळाचं मैदान. तिथे प्रेमाला बंदी आहे म्हणणं म्हणजे हलवायाच्या दुकानात साखरेला बंदी आहे म्हणण्यासारखं झालं.

बरं, मैदानावर हात उंचावून एकमेकांना टाळी द्यायची, ती ‘हाय फाइव्ह’ आली कुठून? अमेरिकेत बेसबॉल नावाची आपल्या क्रिकेटची एक उनाड चुलत बहीण आहे. २ ऑक्टोबर १९७७ रोजी लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाच्या डस्टी बेकरने हंगामातला तिसावा होमरन मारला. वाट पाहत उभ्या असलेल्या ग्लेन बर्क या सहकाऱ्याने हात उंच केला, बेकरने त्यावर टाळी दिली. तीच पहिली हाय फाइव्ह, असं सर्वसाधारणपणे मानतात. हा बर्क पुरुषांवर प्रेम करणारा होता आणि संघात ते ठाऊक होतं. पुढे त्याने सांगितलं की, तू लग्न करत असलास तर मधुचंद्राचा खर्च आम्ही देतो, असं संघाच्या व्यवस्थापनाने त्याला सुचवलं होतं. म्हणजे ‘लग्न करून टाका, सगळं ठीक होईल’ हे औषध फक्त आमच्या आत्याबाईंच्या बटव्यातलं नव्हे! बर्कने ते घेतलं नाही. १९७८ साली त्याला दुसऱ्या संघाकडे धाडलं, १९७९ नंतर तो मोठ्या सामन्यांत दिसला नाही आणि १९९५ साली गेला. त्याची टाळी मात्र सगळ्या जगाने ठेवून घेतली. हेडमास्तरसुद्धा नातवाला रोज शाळेच्या बसपाशी तीच टाळी देतात. मी पाहिलंय.

दुसरा मुद्दा, “असेल तर असो, पण घरात ठेवावं. जगाला कशाला सांगायचं?” उत्तम! मग सगळ्यांनीच ठेवावं. शतक झालं की फलंदाज बॅट उंचावून प्रेक्षकांत बसलेल्या बायकोकडे चुंबन उडवतो, त्या वेळी हेडमास्तरांचे डोळे पाणावतात. खेळाडूच्या लग्नाच्या फोटोंना पेपरात दोन-दोन पानं मिळतात. तेव्हा कुणी म्हणत नाही, बाबा रे, हे घरात ठेव. न्यूझीलंडच्या महिला संघातल्या ॲमी सॅटरथवेट आणि ली ताहुहू या दोघींनी २०१७ साली एकमेकींशी लग्न केलं. इंग्लंडच्या कॅथरीन ब्रंट आणि नॅट सिव्हर यांनी २०२२ साली केलं. दोन्ही संघ बुडाले नाहीत, चेंडू वळायचा थांबला नाही. पुरुषांच्या क्रिकेटमधली अशी एक जोडी सांगा, असं आव्हान मी कट्ट्याला दिलं. सगळे भेळ खात राहिले.

तिसरा मुद्दा हेडमास्तरांनी हुकमाच्या पानासारखा टाकला. “या सगळ्या कादंबऱ्या. बायकांनी रचलेल्या. खऱ्या आयुष्यात असं काही नसतं.”

इथे मात्र मी गप्प झालो, कारण हा मुद्दा अर्धा खरा आहे आणि त्याची शरम आपल्याला वाटायला हवी. अमेरिका-कॅनडातली नॅशनल हॉकी लीग १९१७ सालची. तिथल्या एखाद्या संघाशी करार असलेल्या खेळाडूने ‘मी असा आहे’ असं उघड सांगायला २०२१ साल उजाडावं लागलं. ल्यूक प्रोकॉप त्याचं नाव. एकशे चार वर्षं! तेवढ्या काळात त्या बर्फावर दुसरा कुणी नव्हता, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्याकडून गिरगावातली एक जागा स्वस्तात विकत घ्यावी. होते, पण गप्प होते. इंग्लंडमध्ये जस्टिन फॅशानू नावाचा फुटबॉलपटू होता. १९८१ साली त्याच्यासाठी नॉटिंगहॅम फॉरेस्टने दहा लाख पौंड मोजले. १९९० साली तो उघडपणे बोलला आणि १९९८ साली सदतिसाव्या वर्षी त्याने स्वतःचा जीव घेतला. हे पाहिलेल्या पोरांनी काय शिकावं?

खेळाडूची कारकीर्द ती केवढी! पस्तिशीत माणूस म्हातारा. तेवढी वर्षं तोंड मिटून काढायची आणि प्रेम निवृत्तीनंतरसाठी ठेवून द्यायचं, प्रॉव्हिडंट फंडासारखं. फंडावर निदान व्याज तरी मिळतं. म्हणून त्या बायका कादंबऱ्या लिहितात. खऱ्या मैदानावर जी दुसरी संधी कुणी देत नाही, ती कागदावर देतात. त्यांना हसण्याआधी आपण काय दिलं, हे पाहावं.

मी काय दिलं ते सांगतो.

१९७५ साली मी बँकेत लागलो. बँकेचं नाव सांगत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते. आमच्या बँकेचा कबड्डी संघ होता, खेळाच्या कोट्यातून घेतलेला. ही पोरं सही करण्यापुरती बँकेत यायची आणि मैदानावर घाम गाळायची. त्यांत दोघे होते. एकाला चढाई म्हणू आणि दुसऱ्याला कोपरा, कारण त्यांच्या जागा त्याच होत्या. परळला एका खोलीत राहायचे, एका डब्यात जेवायचे. चढाईचा घोटा दुखावला की कोपरा तासन्‌तास शेक द्यायचा. कबड्डीत साखळी करताना गडी एकमेकांचे हात धरतात. हे दोघं सामना संपल्यावर हात सोडायला जरा वेळ लावायचे, एवढाच फरक.

एके दिवशी कँटीनमध्ये मी म्हणालो, “या दोघांचं रेशनकार्डही एकच काढा रे!”

तो माझा आयुष्यातला सर्वांत यशस्वी विनोद. सगळं कँटीन हसलं. विनोद तीन मजले चढून साहेबांच्या केबिनपर्यंत गेला. महिन्याभरात कोपऱ्याची बदली झाली, थेट विदर्भात. चढाईच्या घरच्यांनी सहा महिन्यांत त्याचं लग्न उरकलं. मी त्या लग्नात जिलब्या खाल्ल्या आणि आहेराची यादीही लिहिली. साल १९७९. संघ त्या वर्षी पहिल्याच फेरीत हरला. का हरला, याची बँकेने चौकशी समितीही नेमली.

कबड्डीच्या जुन्या पद्धती तीन. अमर पद्धतीत गडी बाद झाला तरी मैदान सोडत नाही, फक्त गुण मोजले जातात. आपले सिनेनट या पद्धतीने जगतात. गामिनी पद्धतीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. तिसरी संजीवनी. तिच्यात आपल्या संघाने समोरचा एक बाद केला की आपला एक जिवंत होऊन आत येतो. आज जगभर कबड्डी खेळतात ती या संजीवनी पद्धतीची. पण दोन पुरुषांच्या प्रेमाचा प्रश्न आला की आपण सगळे गामिनी खेळतो. सुप्रीम कोर्टाच्या पंचांनी ६ सप्टेंबर २०१८ रोजी निर्णय फिरवला, अशा प्रेमाला गुन्हा म्हणणं थांबवलं. आम्ही प्रेक्षक अजून ‘बाद, बाद’ म्हणून ओरडतोय.

आणि संजीवनीचा एक नियम हेडमास्तरांनी नीट ऐकावा. बाद झालेला गडी कितीही बळकट असला, तरी स्वतःहून उठू शकत नाही. बाहेर बसून तो फक्त पाहू शकतो. त्याला उठवायचं काम आत असलेल्यांचं. गुण त्यांनी मिळवायचा. म्हणून ‘त्यांना हवं तर त्यांनी हिंमत दाखवावी’ हे वाक्य मला चालत नाही. हिंमत त्यांनी पहिल्या डावात दाखवली. दुसरी संधी द्यायची पाळी आपली आहे.

आमच्या पेन्शनरांच्या संघटनेत हयातीच्या दाखल्यांचं काम मी पाहतो. जुन्या मंडळींत कोण जिवंत आहे आणि कोण नाही, हे मला यमाच्या खालोखाल ठाऊक असतं. २०२३ च्या मेळाव्यात चढाई भेटला. बायको जाऊन पाच वर्षं झाली होती, गुडघ्यांची वाटणी डॉक्टरांकडे. इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, “कोपरा असतो का रे?”

कुठे असतो, असं नाही विचारलं त्याने. असतो का, एवढंच. मी वहीतून पत्ता उतरवून दिला. चव्वेचाळीस वर्षांत त्या संघासाठी मी मिळवलेला तो एकुलता एक गुण.

गेल्या नोव्हेंबरात दोघं एका रिक्षातून दाखले द्यायला आले. चढाई जिना चढताना कोपऱ्याने त्याचा हात धरला होता आणि माझ्या टेबलापाशी येऊन बसल्यावरही सोडायला जरा वेळ लावला. मी फॉर्म तपासायला घेतले. चढाईने पत्त्याच्या रकान्यात नवा पत्ता लिहिला होता. ‘द्वारा’ लिहून पुढे कोपऱ्याचं नाव.

मी मान वर केली नाही. शिक्का शोधत राहिलो. चढाई टेबलावर वाकला आणि हळूच म्हणाला, “रेशनकार्ड मात्र अजून वेगळंच आहे बरं का.”