घराला सावली हवी

वैशाखातील दुपारी विदर्भातील एखाद्या गावातून जाणारा वाटसरू कडेच्या निंबाखाली नकळत थांबतो. तेथे पंखा नसतो की गारवा देणारे कोणतेही यंत्र नसते. तरीही त्याच्या जिवाला थंडावा वाटतो. जी गोष्ट वाटसरूच्या शरीराला क्षणात उमगते, ती घर बांधणाऱ्याच्या बुद्धीला मात्र पुष्कळदा उमगत नाही. ऊन घरात शिरल्यावर त्याला हुसकावण्याची खटपट करण्यापेक्षा ते घरावर पडूच न देणे, हाच उन्हाळ्याशी सामना करण्याचा पहिला व खरा उपाय होय.

चंद्रपूर, अकोला, नागपूर या शहरांना कडक उन्हाळा नवा नाही. मे महिन्यात तेथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. परंतु आता हा ताप सर्वत्र वाढत आहे. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० सालच्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. हा आकडा लहान दिसतो. तथापि सरासरी थोडी जरी चढली, तरी अतितप्त दिवसांची संख्या वाढते. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६ अंशांच्या वर गेला, आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक माणसे जास्त दगावली. त्या अनुभवाने सावध होऊन २०१३ साली त्या शहराने उष्णतेपासून बचावाची योजना आखली. पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही तेथे हाती घेण्यात आले.

छपराकडे प्रथम लक्ष जावे, हे योग्यच आहे. मे महिन्याच्या अखेरीस नागपूरला मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. त्यामुळे भिंतींपेक्षा छप्परच अधिक तापते आणि ती उष्णता रात्री उशिरापर्यंत खाली झिरपत राहते. काळवंडलेली गच्ची ऊन शोषून घेते. पांढरी गच्ची त्याचा मोठा भाग परतवून लावते. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी गच्चीवर चुन्याचा हात फिरवावा, आणि पावसाने तो धुऊन गेल्यास पुढील वर्षी पुन्हा फिरवावा. पत्र्याच्या घराचे हाल सर्वांत अधिक. तेथे पत्र्यावर पांढरा रंग द्यावा व खाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत करावे. मधली हवा उष्णतेला बरीचशी अडवून धरते.

पूर्वीच्या लोकांनी हे तत्त्व आपल्या परीने ओळखले होते. मातीच्या जाड भिंती, धाब्याचे छप्पर, वाड्याच्या मध्यभागी चौक, दारापुढे ओसरी, ही सारी योजना उन्हाला दूर ठेवण्यासाठीही होती. याचा अर्थ सर्वांनी पुन्हा मातीची घरे बांधावीत असा नाही. धाब्याची दरवर्षी डागडुजी करावी लागे आणि मोठ्या पावसात ते गळतही असे. जुन्या घराची नक्कल करण्याचे कारण नाही. त्यामागील विचार मात्र सोडता कामा नये. सिमेंटच्या घरालाही खिडकीवर रुंद छज्जा काढता येतो, समोरासमोर खिडक्या ठेवता येतात आणि दारापुढे मांडव घालता येतो. विदर्भासारख्या कोरड्या प्रदेशात वाळ्याचे ओले पडदे खोली गार करतात. कोकणातील दमट हवेत त्यांचा फारसा उपयोग होत नाही. तेथे वारा खेळता ठेवणे हेच महत्त्वाचे. ज्या भूमीचा उन्हाळा जसा, तसे तेथील घर असावे.

घराइतकेच अंगणही महत्त्वाचे आहे. स्वच्छता राहावी म्हणून अनेक जण सबंध अंगणाला फरशी घालतात आणि पानांचा कचरा नको म्हणून झाड तोडतात. हा व्यवहार तोट्याचा आहे. तापलेली फरशी तव्यासारखी घराला शेकत राहते. झाड मात्र दोन प्रकारे उपकार करते. ते सावली देते. शिवाय त्याच्या पानांतून पाण्याची वाफ होत असताना भोवतालच्या हवेतील उष्णता कमी होते. माठातील पाणी गार होते, तेही याच नियमाने. निंबाची तर गंमतच आहे. त्याची पाने हिवाळ्याच्या अखेरीस गळतात आणि माणसाला सावलीची सर्वाधिक गरज लागते, तोवर नवी पालवी दाट झालेली असते. दुपारनंतरचे तिरपे ऊन छज्ज्याखालून आत येते. म्हणून पश्चिमेस झाड लावणे उत्तम. मुळांचा भिंतीस उपद्रव होऊ नये, यासाठी ते दहाबारा हात दूर असावे. तेवढी जागा नसेल, तर मधुमालतीचा वेल भिंतीपुढील मांडवावर चढवावा.

बागेला पाणी हवे आणि उन्हाळ्यात तर पाण्याचीच टंचाई असते, असा आक्षेप कोणी घेईल. तो खोटा नाही. परंतु त्याला उत्तर आहे. पाणी भर दुपारी न घालता पहाटे किंवा सायंकाळी घालावे. गळलेला पालापाचोळा जाळू नये. तो आळ्यात पसरावा, म्हणजे ओल टिकते. भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी मोरीत न सोडता झाडांना द्यावे. पाणी पिणाऱ्या हिरवळीपेक्षा मोगरा व निंब यांनी अंगण अधिक शोभते.

खोली थंड करणारे विजेचे यंत्र आजारी व वृद्ध माणसांना मोठा आधार देते. त्याची निंदा करणे उचित नव्हे. परंतु ते यंत्र आतली उष्णता नाहीशी करीत नाही, बाहेर टाकते. एका घराची खोली थंड होते, तेव्हा गल्लीतील हवा थोडी अधिक तापते. आणि त्याच गल्लीत पत्र्याखाली राहणारे कुटुंब असते, तेथूनच हातगाडी ओढणारा जात असतो. झाडाचे तसे नाही. मालकाच्या अंगणातील निंब कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या माणसालाही सावली देतो.

यासाठीच घराचा विचार केवळ चार भिंतींपुरता करून चालणार नाही. निंब तोडण्यास एक सकाळ पुरते. त्याची सावली दाट होण्यास मात्र अनेक वर्षे लागतात. आज अकरा वर्षांच्या मुलाने या पावसाळ्यात एक रोप लावून जगवले, तर तो मोठा होईपर्यंत ते झाड घरावर सावली धरू लागेल. तेव्हाचे उन्हाळे अधिक कडक असण्याचा संभव आहे. म्हणून त्या सावलीची तयारी आजच व्हावी, हे शहाणपणाचे आहे.