पंखा बदलण्याआधी तपासणी हवी

स्पोर्ट्स कार धावताना थंड राहते आणि सिग्नलला उभी राहिली की तापते, तर पहिला संशय रेडिएटरच्या पंख्यावर घ्यावा. मात्र लगेच नवी मोटर बसवणे आम्हाला मान्य नाही. कारागीर बंधूंनी आधी फ्यूज, रिले व टेंपरेचर स्विच तपासावा. मग मोटरला बॅटरीतून थेट १२ व्होल्ट द्यावेत. ती जोरात फिरली तर दोष बहुधा अन्यत्र आहे. गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मसारख्या गाड्यांचे उत्पादन बंद झाले आहे. अशा गाडीला दुसरा पंखा बसवताना आकार, हवेची दिशा व अँपिअर जुळवावेत. नाहीतर वायर जळेल किंवा हेड गॅस्केट जाईल. तपासणीची मजुरी अवश्य घ्या, पण काढलेली मोटर गिऱ्हाईकाच्या हाती द्या. चांगला माल फेकायला लावून मिळवलेला नफा गिऱ्हाईक तोडतो.