न लिहिलेल्या स्वरांसाठी

गेल्या पावसाळ्यात वर्ग सुटल्यावर एक विद्यार्थिनी वही घेऊन थांबली. महिनाभर ती रोज रात्री 'कलीला व दिम्ना'चे ध्वनिमुद्रण ऐकत होती आणि समोर छापील पुस्तक ठेवत होती. वहीत तांबड्या शाईने तिने स्वतःच्या चुका टिपल्या होत्या : इथे शब्द ऐकू आला नाही, इथे अख्खे वाक्य सुटले, इथे दोन ओळी कुठे गेल्या कळले नाही. शेवटच्या पानावर लिहिले होते, 'माझा कान तयार नाही.' मी तिच्याबरोबर बसून वीस मिनिटे ऐकले. तिचा कान उत्तम तयार होता. वाचणारा एका आवृत्तीतून वाचत होता आणि तिच्या हातात दुसरीच होती. ही जोडी मीच सुचवली होती. पुस्तकाचे नाव तेच आहे, एवढेच पाहिले होते.

आपल्या पंचतंत्राने पहलवीमार्गे 'कलीला व दिम्ना' या नावाने अरबीत घर केले ते आठव्या शतकात, इब्न अल्-मुकफ्फाच्या लेखणीतून. पुढची हजार वर्षे नकलाकारांनी त्यात भर घातली, काटछाट केली, वाक्ये फिरवली. म्हणून पॅरिसला १८१६ साली द सासी यांनी छापलेला पाठ, बैरूतला १९०५ साली लुई शैखो यांनी छापलेला पाठ आणि कैरोला १९४१ साली अब्दुल वह्हाब अज्जाम यांनी छापलेला पाठ, हे तिन्ही एकमेकांशी ओळीला ओळ जुळत नाहीत. त्यात शाळांसाठी सोप्या केलेल्या आवृत्त्या वेगळ्याच. ध्वनिमुद्रणावर आवृत्तीचे नाव नसेल, तर ते ऐकायला गोड असेल, पण शिकवायला उपयोगी नाही.

फ्रेंच किंवा जर्मन शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना ही तक्रार किरकोळ वाटेल. मजकूर थोडा पुढेमागे झाला, तरी त्यांच्या विद्यार्थ्यासमोर सगळे स्वर कागदावर असतात. अरबीत ऱ्हस्व स्वर बहुधा छापलेले नसतात. काफ, ता, बा ही तीन अक्षरे छापलेली दिसली, की ती 'कतब' म्हणजे त्याने लिहिले, 'कुतिब' म्हणजे लिहिले गेले, 'कत्तब' म्हणजे लिहायला लावले, किंवा 'कुतुब' म्हणजे पुस्तके, यांपैकी काहीही असू शकतात. ज्यांनी मोडी कागद वाचले आहेत त्यांना हे लगेच पटेल. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद नाही, शब्द तोडून लिहायची रीत नाही. वाचणारा शब्द आधी ओळखतो आणि मग वाचतो. बाळबोधीवर वाढलेल्या आपल्या मुलांना ही सवय नाही, आणि अरबी शब्द तर अजून ओळखीचाही झालेला नसतो. मग तो ओळखायचा कुणाच्या भरवशावर? वाचणाऱ्याच्या आवाजाच्या. अरबीच्या विद्यार्थ्यासाठी ध्वनिमुद्रण हा मजकुराचाच उरलेला अर्धा भाग आहे, आणि तो चुकीचा जोडला, तर मूल चुकीचे स्वर पाठ करते.

मराठी कानाची आणखी एक अडचण आहे. 'मजकूर' हा शब्दच पाहा. तो अरबी, मूळ अर्थ 'उल्लेख केलेला', आणि त्यात जाल आहे. 'जाहीर'मध्ये झा आहे, 'अर्ज' आणि 'कर्ज' यांत दाद आहे, 'वजन'मध्ये झाय. चार वेगळी अक्षरे आणि आपण सगळ्यांना एकाच 'ज'वर आणून बसवले. 'वारस', 'सवाल' आणि 'साहेब' यांतही तीन निरनिराळे 'स' आहेत. हे शब्द शिकवणीच्या पहिल्या आठवड्यात फार कामाचे, कारण मूल म्हणते, हे तर मला येते! पण उच्चाराची जुनी घडी मोडायची, तर अक्षरावर बोट ठेवून तोच शब्द पुन्हापुन्हा ऐकावा लागतो. जोडी नेमकी हवी ती यासाठीही.

अशी नेमकी जोडी जगात सर्वांत जास्त काळजीने तयार झाली ती कुराणाची. कैरोच्या १९२४ सालच्या प्रतीपासून छपाईत एकसारखेपणा आला, आणि शेख महमूद खलील अल्-हुसरी यांनी १९६१च्या सुमारास संपूर्ण मुरत्तल, म्हणजे संथ लयीतले, पठण मुद्रित केले. स्वरचिन्ह सुटलेले नाही, शब्द हललेला नाही. मख्रज, म्हणजे अक्षरांची उच्चारस्थाने, शिकवायला याच्याइतके चांगले काही नाही. तरी गद्य कसे वाचायचे हे त्यावरून ठरवू नये. तज्वीदचे, म्हणजे पठणशास्त्राचे, मद्द (स्वर लांबवणे) आणि गुन्ना (नाकातला उच्चार) कादंबरीच्या वाचनात येत नाहीत आणि मुसहफातल्या, म्हणजे कुराणाच्या प्रतीतल्या, काही शब्दांचे लेखन आजच्या लेखनाहून निराळे आहे. ज्यांचे पाठांतर लहानपणीच झाले आहे अशा विद्यार्थ्यांना हा फरक पहिल्याच दिवशी, आदराने आणि स्पष्ट, सांगावा.

गद्याची सुरुवात कामिल कीलानींपासून करावी, असे माझे मत वर्षागणिक पक्के होत गेले आहे. त्यांच्या मुलांसाठीच्या गोष्टी स्वरचिन्हांसह छापल्या जात. कीलानी १९५९ साली गेले, त्यामुळे आपल्याकडच्या स्वामित्वहक्काच्या साठ वर्षांच्या मुदतीनेही तो मजकूर आता मुक्त आहे, आणि हिंदावी या प्रकाशन संस्थेने त्या गोष्टी विनामूल्य वाचायला ठेवल्या आहेत. मात्र मजकूर मुक्त असला, म्हणजे मुद्रणही मुक्त असे नाही. वाचणाऱ्याचा आणि मुद्रण करणाऱ्याचा हक्क वेगळा असतो. कुणीतरी परस्पर चढवलेली फीत वर्गात वाटू नये.

पुढच्या पायरीवर ताहा हुसैन यांचे 'अल्-अय्याम'. लहानपणीच दृष्टी गेलेल्या या लेखकाने आपली पुस्तके सांगून लिहवून घेतली. त्या वाक्यांचा ठेका, शब्दांची पुनरुक्ती, सावकाश उलगडणारी लांबण हे सगळे बोलण्यातून आले आहे, आणि कानावर पडले, की डोळ्यांपेक्षा लवकर उमगते. माझ्या वर्गात व्याकरणाला कंटाळलेली मुले या पुस्तकापाशी येऊन थांबली आहेत.

इथे एक गोष्ट आधी सांगून ठेवली नाही, तर घोटाळा होतो. छापील शब्दावर तन्वीन, म्हणजे शेवटच्या 'न'चे चिन्ह, दिसते आणि वाचणारा वाक्याच्या शेवटी ते म्हणत नाही. ही चूक नसून वक्फ, म्हणजे थांबताना शब्दाचा शेवट गाळण्याची रीत, आहे. काही वाचक मात्र वाक्याच्या मध्येही इअराब, म्हणजे शब्दान्तीचे व्याकरणिक स्वर, सोडून देतात. मिसरी वाचक जीमचा उच्चार 'ग' करतो. संवाद बोलीत असतील, तर गाडी पुन्हा रुळावरून घसरते. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली एकाच भाषेची दोन रूपे शेजारी नांदण्याच्या ज्या स्थितीचे वर्णन केले, तिची ही रोजची प्रचीती. म्हणून नजीब महफूज आधी, कारण त्यांची पात्रे फुसहात, म्हणजे प्रमाण अरबीत, बोलतात. यूसुफ इद्रीस नंतर.

रत्नागिरी-रायगडकडून आखातात नोकरीला निघालेली मुले विचारतात, याने दुकानात बोलता येईल का? खरे उत्तर द्यावे : नाही, त्यासाठी बोली वेगळी शिकावी लागेल, आणि बोलीचे लेखन ठरलेले नसल्यामुळे तिथे जुळता मजकूर आपल्यालाच ऐकून उतरवून घ्यावा लागेल.

पडताळणीला फार वेळ लागत नाही. सुरुवात, मधले एखादे पान आणि शेवट, तीन ठिकाणी दोन-दोन मिनिटे ऐकून पाहावे. अनुवादित पुस्तक असेल, तर अनुवादकाचे नाव आधी पाहावे, कारण गाजलेल्या पुस्तकांचे अरबीत अनेक अनुवाद आहेत. पैसे भरून ऐकायच्या ॲपवर आवाज मिळतो, मजकूर बहुधा नाही. तो त्याच प्रकाशकाकडून घ्यावा. स्वरचिन्हे लावून देणारी संगणकीय साधने कच्चा मसुदा म्हणून ठीक, पण शब्दान्तीच्या चिन्हांत ती चुकतात. पाच मिनिटांचा तुकडा घेऊन, ऐकत ऐकत स्वतः चिन्हे लावायला मला एक संध्याकाळ लागते. अशा वीस संध्याकाळी दिल्या, की एका वर्षाच्या वर्गाची बेगमी होते. विद्यार्थ्यांच्या फोनवर दुव्यांची लांबलचक यादी पाठवण्यापेक्षा आपण या संध्याकाळी द्याव्यात, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पुढच्या अंकापासून एक पान या कामाला राखून ठेवत आहोत. आपण तपासलेली जोडी पाठवा : पुस्तक, प्रकाशक, साल, कितव्या मिनिटाला कोणते पान, इअराब वाचला आहे का, जीम कसा उच्चारला आहे. पहिली जोडी 'कलीला'तल्या सिंह आणि बैलाच्या अध्यायाची आहे, त्या विद्यार्थिनीनेच नव्याने जुळवलेली. तिच्या वहीतल्या तांबड्या खुणा आम्ही तशाच छापणार आहोत, आणि प्रत्येक खुणेसमोर दोन आवृत्त्यांतला फरक तिच्याच अक्षरात असेल.