सेवेचे तास कोणी मोजायचे?

दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रासाठी समाजसेवेचे ठरावीक तास अनिवार्य करावेत, ही सूचना शिक्षणविषयक चर्चांत पुनःपुन्हा डोके वर काढते आणि बहुधा टाळ्या मिळवते. सेवेला नाही कोण म्हणणार? मात्र पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरात हा नियम उद्या लागू झाला, तर त्याचा भार कोणावर पडेल आणि श्रेय कोणाच्या पदरात जाईल, याचा विचार कॅथलिक पालकांनी आणि शिक्षकांनी आधीच केलेला बरा.

सूचना तशी जुनीच आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमचा विचार मांडला. १९६६च्या कोठारी आयोगाच्या अहवालाने शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवा बंधनकारक असावी, असे सुचवले. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. त्यानंतर साधारण महिनाभराने तारापूरच्या अणुभट्ट्यांतून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली, हा योगायोग आपल्या भागातल्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगा. पुढे १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हा विषय शाळांत आणला. आयसीएसई मंडळात या विषयाची आणि समाजसेवेची उत्तीर्ण श्रेणी नसेल, तर आजही प्रमाणपत्र मिळत नाही. म्हणजे सक्ती आपल्या देशात आहेच; ती कोणाला फारशी जाणवत नाही, इतकेच.

परदेशात ती अधिक जाणवते. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने १९९२ साली ७५ तासांच्या सेवेची अट घातली आणि १९९७ साली शाळा पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांपासून ती लागू झाली. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात १९९९पासून ४० तासांची अट आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात तर बेथलेहेम नावाच्याच शहरात काही पालकांनी ६० तासांच्या सेवेला ‘वेठबिगार’ ठरवून न्यायालयात धाव घेतली. १९९३ साली अपील न्यायालयाने त्यांचे म्हणणे अमान्य केले.

सक्तीने केलेली सेवा ही सेवाच नव्हे, हा आक्षेप मला स्वतःला फारसा वजनदार वाटत नाही. रविवारचा मिस्सा आपल्यावर बंधनकारक आहे. त्यामुळे तो खोटा ठरत नाही. बंधनातून सवय आणि सवयीतून ओढ निर्माण होते, हे ख्रिस्तसभेला शतकानुशतके ठाऊक आहे. खरी अडचण वेगळीच आहे. सेवा कागदावर उतरली, की ती कागदावरच राहते.

बारावीच्या पर्यावरण प्रकल्पाचेच पाहा. विषय अनिवार्य, प्रकल्पही अनिवार्य. उद्देश उत्तम होता. प्रत्यक्षात तयार मजकूर, तयार चित्रे, सुबक वेष्टन आणि शेवटी शिक्षकांची सही, एवढ्यावर पुष्कळ ठिकाणी तो येऊन थांबला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात तारापूरचे औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत प्रदूषित ठरले. कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडी आणि समुद्र नासतो आहे, म्हणून मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठवावे लागले. आणि त्याच परिसरात राहणारा विद्यार्थी प्रदूषणावरचा प्रकल्प विकत आणून वहीत चिकटवत असेल, तर त्याला पर्यावरण शिकवले की फसवणूक शिकवली? नवापूर-दांडीच्या खाडीचे पाणी दर महिन्याला बाटलीत भरून प्रयोगशाळेत तपासणे, मुरबे-सातपाटीच्या कोळी कुटुंबांकडून मासळीचा हिशेब ऐकून तो लिहून काढणे, आणि ते सारे ग्रामसभेपुढे ठेवणे ही सेवा आहे, रसायनशास्त्र आहे आणि नागरिकशास्त्रही आहे. सेवाधिष्ठित शिक्षण म्हणतात ते हेच. झाडू हातात घेऊन काढलेले छायाचित्र म्हणजे ते नव्हे. अर्थात असे काम काही कारखानदारांना रुचणार नाही आणि त्यांच्या देणग्यांवर अवलंबून असलेल्या संस्थांची पंचाईत होईल, हेही मान्य केले पाहिजे.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. ऑन्टारियोच्या नियमांत घरातील नेहमीची कामे सेवेच्या तासांत धरली जात नाहीत. तेथे ते योग्यच असेल. पण आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडील जव्हार-मोखाड्यात हाच नियम कसा दिसेल? उन्हाळ्यात टेकडी उतरून पाणी आणणारी, धाकट्या भावंडांना सांभाळणारी, दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जावे लागले तर शाळेला मुकणारी वारली किंवा कातकरी मुलगी नियमाच्या दृष्टीने शून्य तासांची धनी ठरेल. आणि बोईसरच्या वसाहतीतील मुलगा तिच्या पाड्यावर एक दिवस येऊन बिस्किटांचे पुडे वाटेल व सहा तास जमा करील. तो सेवक, ती लाभार्थी! प्रमाणपत्र त्याला आणि छायाचित्रात चेहरा तिचा. दयाळू शोमरोनीच्या दाखल्यात जखमी माणसाला कोणी आपल्या कीर्तीसाठी वापरलेले नाही.

यावरचा उपाय शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते डहाणूजवळच्या कोसबाडला नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसताच या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणावर नेली. त्या कुरणशाळेत मुलाचे काम हा शिक्षणातला अडथळा नव्हता. शिक्षणाची सुरुवातच तेथून होती. सेवेच्या तासांचा कोणताही नियम या कसोटीला उतरला पाहिजे. पाण्याचा हंडा वाहणाऱ्या मुलीने पाड्यातील विहिरींच्या पातळीची नोंद ठेवली, तर ती वर्गात आणि प्रमाणपत्रात मोजली जावी. शहरातील मुलाने तिच्याकडून ती नोंद ठेवायला शिकावे.

१९७३ साली व्हॅलेन्सिया येथे जेज्वीट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांसमोर फादर पेद्रो आरुपे यांनी, आम्ही तुम्हांला न्यायासाठी घडवले का, असा प्रश्न विचारला आणि प्रामाणिकपणे नकारार्थी उत्तर दिले. श्रोत्यांतील अनेकांना ते झोंबले. आपल्या धर्मप्रांतातील शाळांनाही तो प्रश्न टाळता येणार नाही. कारण वसईपासून तलासरीपर्यंत पसरलेल्या या प्रदेशात सुखवस्तू आणि उपाशी अशी दोन्ही प्रकारची मुले एकाच धर्मप्रांताच्या सीमेत राहतात.

शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या एखाद्या शाळेने येत्या जूनपासून नववीच्या एका तुकडीला वर्षभर एकच गाव आणि एकच प्रश्न द्यावा. दर महिन्याला तेथे जाणे व्हावे, आणि गणिताच्या, विज्ञानाच्या, मराठीच्या शिक्षकांनी त्या प्रश्नाचा आपापला धडा घ्यावा. वर्षाअखेरीस वहीवर मुख्याध्यापकांची सही असू द्यावी. पण तिच्याआधी त्या गावच्या अंगणवाडी सेविकेची, कोळणीची किंवा पाड्यातील एखाद्या जाणत्या माणसाची सही घ्यावी. लिहिता येत नसेल, तर अंगठाही चालेल.