रोजा, रोजी आणि मोकळे बोलणे

संध्याकाळी अंधेरीहून निघालेली लोकल बोरिवली ओलांडते, तेव्हा रमजानच्या दिवसांत डब्यात एक दृश्य हमखास दिसते. कोणीतरी मोबाइलवर वेळ पाहतो. पाठीवरच्या बॅगेतून खजुरांची डबी निघते. मगरिबची वेळ झाली की रोजेदार एक खजूर तोंडात टाकतो आणि डबी शेजाऱ्यापुढे धरतो. शेजारी रोजेदार असेलच असे नाही. तो हिंदू असेल, जैन असेल, उत्तनचा ख्रिस्ती असेल. तोही खजूर घेतो. पाण्याची बाटली हातोहात फिरते. दहिसर मागे पडेपर्यंत गप्पा सुरू झालेल्या असतात आणि बहुतेक वेळा विषय एकच असतो, ऑफिस.

कोणाच्या मॅनेजरने साडेसहाची मीटिंग लावली, कोणाला रात्री दहाला पुन्हा लॅपटॉप उघडायचा आहे, कोणाचे रेटिंग यंदाही मधल्याच पायरीवर अडकले. मालाड, गोरेगाव, अंधेरीच्या आयटी कंपन्यांत काम करणारी ही माणसे डब्यात इतकी स्पष्ट बोलतात की कंपनीच्या एखाद्या संचालकाने तासभर तिथे उभे राहून ऐकावे. पण हीच माणसे ऑफिसात गेली की गप्प. 'सगळे ठीक ना?' असे विचारले की 'हो सर, ऑल गुड' एवढेच उत्तर. डब्यातला आवाज ऑफिसच्या दारात का विरतो, हा खरा प्रश्न आहे.

कंपन्या मत विचारत नाहीत असे नाही. वर्षातून एकदा प्रश्नावली येते. 'तुमच्या वरिष्ठांवर तुमचा विश्वास आहे का? एक ते पाच गुण द्या.' नाव गुप्त राहील, असे वर लिहिलेले असते. पण सहा जणांच्या टीममध्ये नाव गुप्त राहते कसे? वय, नोकरीची वर्षे, स्त्री की पुरुष एवढे भरले की उत्तर कोणाचे, ते शाळकरी पोरही सांगेल. म्हणून माणसे चार गुण देतात आणि मोकळी होतात. दुसरी संधी मिळते ती राजीनाम्यानंतर. तेव्हा मनुष्यबळ विभाग आदराने बसवून विचारतो, आमचे काय चुकले? जाणाऱ्याला मनापासून विचारायचे आणि राहणाऱ्याकडून गुण भरून घ्यायचे, अशी ही उलटी रीत आहे.

या गप्प बसण्याचे एक कारण मीरा-भाईंदरच्या मातीतच आहे. मिठागरांचे आणि कोळीवाड्यांचे हे गाव मुंबईत घर न परवडलेल्यांनी वाढवले. 2002 मध्ये इथे महापालिका झाली, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. नया नगर असो, शांतीनगर असो वा भाईंदर पश्चिम, इथल्या असंख्य घरांवर पंधरा-वीस वर्षांचे कर्ज आहे. पगार एक तारखेला येतो आणि हप्ता पाच तारखेला जातो. मधले चार दिवस माणूस श्रीमंत असतो. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे तो मॅनेजरच्या तोंडावर 'हे चुकीचे आहे' म्हणताना दहादा विचार करतो. त्यात जुलै 2025 मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हापासून तर धास्ती घरोघरी पोहोचली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मोठ्या कंपनीत हे असेच चालायचे, असे म्हणणाऱ्यांनी खानदेशातील अंमळनेरची गोष्ट आठवावी. साने गुरुजींनी जिथे शिक्षकी केली, त्याच गावी 1945 च्या अखेरीस मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी काढली. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे तिचे नाव. आज तिला जग विप्रो म्हणून ओळखते. 1966 मध्ये हाशम प्रेमजी वारले आणि अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकणारा त्यांचा मुलगा अझीम शिक्षण अर्धवट टाकून परतला. वय 21. भागधारकांच्या पहिल्याच सभेत एक जण उठला आणि त्याने तरुण प्रेमजींना सर्वांसमक्ष सुनावले की ही कंपनी चालवणे तुमच्या आवाक्यातले नाही, तुमचा हिस्सा अनुभवी माणसाला विकून टाका. हा प्रसंग प्रेमजींनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितला. त्या बोलण्यानेच आपली जिद्द पेटली, असे त्यांचे म्हणणे.

या गोष्टीत लोक प्रेमजींची जिद्द पाहतात. पण त्या उठून बोलणाऱ्याकडेही पाहायला हवे. तो बोलू शकला, कारण तो भागधारक होता. त्याची रोजी प्रेमजींच्या हातात नव्हती. त्याचे मत चुकीचे ठरले, तरी ते तोंडावर आले आणि ऐकणाऱ्याच्या उपयोगी पडले. त्या दिवशी सभेत कंपनीचा एखादा कारकून उठून असे बोलला असता का? आणि आज त्याच कंपनीतला, किंवा कोणत्याही कंपनीतला, दोन वर्षांच्या अनुभवाचा इंजिनीअर बोलेल का?

अलीकडचे दोन प्रसंग शेजारी ठेवले की उत्तर मिळते. 2022 मध्ये अझीम प्रेमजींचे पुत्र आणि विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी नोकरी सांभाळून गुपचूप दुसऱ्याचे काम करण्याला सरळ फसवणूक म्हटले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करताना सापडलेल्या 300 जणांना काढल्याचे त्यांनी सांगितले. भूमिका कडक होती, पण ती समजण्यासारखी आहे. एका हाताने पगार घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने प्रतिस्पर्ध्याचे काम करायचे, हा विश्वासघातच. पण पुढे पाचच महिन्यांत, फेब्रुवारी 2023 मध्ये, याच कंपनीने साडेसहा लाखांच्या वार्षिक पगाराचे पत्र हाती असलेल्या नव्या मुलांना विचारले की साडेतीन लाखांवर रुजू होता का? कारण दिले ते बाजारातील बदललेल्या परिस्थितीचे. पुण्यातून काम करणाऱ्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्याला अन्याय म्हटले. मुलांनी मात्र बहुसंख्येने होकार दिला.

हा होकार म्हणजे त्यांचे मत होते का? महिनोन्‌महिने रुजू होण्याची वाट पाहणारा, घरी कर्ज असलेला बाविशीतला मुलगा 'नाही' कोणत्या तोंडाने म्हणणार? कर्मचाऱ्याने शब्द मोडला तर ती फसवणूक आणि कंपनीने मोडला तर ती परिस्थिती, ही दोन मापे कर्मचाऱ्यांना दिसत नाहीत असे नेतृत्वाने समजू नये. अझीम प्रेमजींनी आपल्या संपत्तीचा केवढा तरी मोठा वाटा समाजासाठी दिला. 2019 पर्यंत ते दान 1 लाख 45 हजार कोटींवर गेले होते. देशातील शाळांना त्याचा लाभ होतो आहे आणि त्याबद्दल आदरच आहे. तरीही दानशूरपण वेगळे आणि हाताखालच्या माणसाचे ऐकून घेणे वेगळे. पहिल्यामुळे दुसऱ्याची भरपाई होत नाही.

न ऐकण्याची किंमत किती जबर असू शकते, हे 2024 मध्ये पुण्यात दिसले. एका मोठ्या लेखा-सल्लागार कंपनीत रुजू झालेली 26 वर्षांची सनदी लेखापाल चार महिन्यांत दगावली. कामाच्या ताणाने मुलगी गेली, असे पत्र तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिले आणि देशभर चर्चा झाली. कंपनीने ताणाचा आरोप मान्य केला नाही. पण जे मुलीने बोलायला हवे होते आणि कोणीतरी ऐकायला हवे होते, ते आईला लिहावे लागले, तेही मुलगी गेल्यावर.

रमजानमध्ये 'सब्र' हा शब्द वारंवार कानी पडतो. त्याचा अर्थ अनेकदा 'सोसा आणि गप्प राहा' असा लावला जातो. ऑफिसमध्ये तर वरिष्ठांना हा अर्थ फार सोयीचा. पण सब्र म्हणजे भूक असताना हात आवरणे, राग असताना जीभ आवरणे. हक्काचे बोलणे गिळून टाकणे म्हणजे सब्र नव्हे. कुरआनच्या एका अध्यायाचे नावच 'शूरा' आहे, म्हणजे सल्लामसलत. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही पैगंबरांची शिकवण तर रोजेदार नसलेल्यांनाही ठाऊक आहे. विचारणे आणि ऐकणे ही त्यात मालकाची मेहेरबानी नाही, त्याचे कर्तव्य आहे.

कायद्याचाही सूर तसाच आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला 48 तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट दर, असे लिहिले होते. पण व्यवस्थापकीय, देखरेखीच्या वा गोपनीय स्वरूपाच्या पदांना त्यातून सूट आहे आणि आयटीत पदाच्या नावात 'लीड' किंवा 'मॅनेजर' यायला वेळ लागत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. एकीकडे नारायण मूर्ती 70 तासांचा, तर एल अँड टीचे सुब्रह्मण्यन 90 तासांचा आठवडा सुचवतात. त्यात विरार लोकलचे तीन तास कोणी मोजत नाही.

परदेशी ग्राहकाची वेळ सांभाळावी लागते, स्पर्धा जीवघेणी आहे, हे मॅनेजरचे म्हणणे खोटे नाही. त्याच्यावरही वरून दबाव असतो आणि त्यालाही कोणी विचारत नाही. म्हणूनच उपाय एखाद्या भल्या मॅनेजरवर सोडून चालणार नाही. एका टीममध्ये मॅनेजर इफ्तारच्या वेळी स्वतः म्हणतो, 'जा, वीस मिनिटे मी पाहतो.' शेजारच्या टीममध्ये तीच वीस मिनिटे मागायला जीभ रेटत नाही. नवरात्रात कडक उपवास करणारी सहकारी, पर्युषणात सूर्यास्तापूर्वी जेवणारा भाईंदरचा जैन तरुण, तान्ह्या बाळाला सोडून आलेली आई, सगळ्यांची गाठ याच नशिबाशी. जे नशिबावर आहे ते नियमात आले पाहिजे.

करण्यासारख्या गोष्टी फार महाग नाहीत. टीम लहान असेल तर प्रश्नावलीची उत्तरे मोठ्या विभागात मिसळूनच दाखवावीत. आलेल्या तक्रारींपैकी कोणत्या मान्य झाल्या, कोणत्या नाहीत आणि का, हे महिन्याभरात सर्वांना लेखी कळवावे. मॅनेजरच्या बढतीत त्याच्या हाताखालच्यांच्या मताला खरे वजन असावे. संघटनेत गेलेल्याकडे शत्रू म्हणून पाहू नये. आणि कर्मचाऱ्यांनीही मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला एकट्यादुकट्याला पुढे ढकलू नये. रोजेदाराच्या वीस मिनिटांसाठी रोजा नसलेल्याने बोलावे आणि पर्युषणातल्या सहकाऱ्याच्या जेवणासाठी रोजेदाराने. दुसऱ्यासाठी बोलणाऱ्याला स्वार्थी म्हणता येत नाही आणि चौघे मिळून बोलले की एकाचे नाव होत नाही.

मीरा रोडला गाडी थांबते आणि डबा निम्मा रिकामा होतो. खजुरांची डबी तोवर संपलेली असते. अनोळखी शेजाऱ्यापुढे डबी धरायला आणि मनातले बोलायला इथे कोणाला भीती वाटत नाही, कारण इथे कोणी कोणाचा साहेब नसतो. ऑफिसात साहेब असणारच. पण त्याच्यासमोर एवढ्याच निर्धास्तपणे एक वाक्य बोलता आले, तर सकाळची गाडी पकडताना या माणसांचे पाय थोडे हलके पडतील.