घर हलविताना : व्हॅनचे आकारमान आणि परवान्याची मर्यादा

सांगली, कोल्हापूर किंवा पुणे येथे घर बदलावयाचे झाले, तर टेम्पो ठरविला जातो. टेम्पोबरोबर चालक येतो, हमाल येतात, आणि घरधन्याने सामान मोजून घेतले की त्याचे काम संपते. ब्रिटनमध्ये ही व्यवस्था मिळते. परंतु मनुष्यबळ महाग असल्याने ती सर्वांना परवडत नाही. म्हणून मोठी व्हॅन एका दिवसासाठी भाड्याने घ्यावी, मित्रांच्या साहाय्याने सामान चढवावे आणि गाडी स्वतःच चालवावी, ही तेथील रूढ पद्धत आहे. शिक्षण वा नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेल्या मराठी तरुण कुटुंबांवरही हा प्रसंग दोन-चार वर्षांनी येतोच. अशा वेळी ‘सर्वांत मोठी व्हॅन द्या’ अशी मागणी सहज केली जाते. ती मागणी योग्य आहे की नाही, हे ठरविण्यासाठी काही गोष्टी आधी समजून घेणे हिताचे आहे.

पहिली गोष्ट परवान्याची. ब्रिटनमधील मोटारगाडीच्या सामान्य परवान्यास ‘बी’ वर्ग म्हणतात. या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंत कमाल अनुज्ञेय वजन असलेले आणि चालकाव्यतिरिक्त आठपेक्षा अधिक आसने नसलेले वाहन चालविता येते. कमाल अनुज्ञेय वजन म्हणजे गाडीचे स्वतःचे वजन, इंधन, माणसे आणि माल या सर्वांची मिळून मर्यादा. १ जानेवारी १९९७ पूर्वी मोटारगाडीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना सामान्यतः ७,५०० किलोपर्यंतचे वाहन चालविण्याचा अधिकार आहे. त्यानंतर उत्तीर्ण झालेल्यांना ‘सी-१’ या वर्गाची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. त्यामुळे ज्येष्ठ नातलगाने पूर्वी मोठा ट्रक चालविला असेल, म्हणून पुतण्यालाही तो चालविता येईल असे नाही. विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी ही मर्यादा ४,२५० किलोपर्यंत वाढविण्यात आली आहे. मात्र भाड्याच्या बहुतेक मोठ्या व्हॅन अजून डिझेलच्याच असतात.

भारतातून नुकत्याच गेलेल्या व्यक्तींचा येथे विशेष गोंधळ होतो. भारतीय कायद्यात हलक्या मोटार वाहनाची मर्यादा ७,५०० किलो आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही, हलक्या वाहनाचा परवाना असलेल्यास या मर्यादेतील मालवाहू वाहन चालविण्यासाठी वेगळ्या मान्यतेची आवश्यकता नाही, असा निर्णय दिला. परंतु हा अधिकार भारताच्या सीमेपुरता आहे. भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये वास्तव्यास आल्यापासून बारा महिने लहान वाहने चालविता येतात, आणि तेथे ‘लहान’ म्हणजे ३,५०० किलोपर्यंतचे. बारा महिन्यांनंतर भारतीय परवाना बदलून मिळत नाही. तेथील परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. शिवाय भाड्याने गाडी देणाऱ्या संस्था चालकाचे वय आणि परवाना किती जुना आहे, यांविषयी स्वतःच्या अटी घालतात. नोंदणी करण्यापूर्वीच या अटी विचारून घ्याव्यात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि तीच बहुधा दृष्टिआड होते. ३,५०० किलो ही मर्यादा सर्व व्हॅनना समान असेल, तर ज्या गाडीचे स्वतःचे वजन अधिक, तिच्यात मालासाठी उरणारे वजन कमी. घर हलविण्यासाठी सर्वाधिक मागणी असलेली ‘लुटन’ व्हॅन हे याचे उत्तम उदाहरण. चालकाच्या डोक्यावरून पुढे आलेला पेटीसारखा भाग ही तिची ओळख. बेडफर्डशायरमधील लुटन हे गाव टोप्यांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध होते, आणि या गाडीचे नाव त्यावरूनच पडले असे सांगितले जाते. टोप्या जागा पुष्कळ व्यापतात, पण त्यांना वजन असते ते किती? ही रचना आकाराने मोठ्या आणि वजनाने हलक्या मालासाठी आहे, हे तिच्या नावातच सुचविले आहे. मोठी पेटी आणि मागे सामान उचलून घेणारी टेल-लिफ्ट यांचे वजन वजा जाता, अशा गाडीत मालासाठी साधारणपणे एक टनाच्या आसपासच वजन शिल्लक राहते. काही गाड्यांत त्याहूनही कमी. उलट, लाँग व्हीलबेसची साधी बंद व्हॅन आकाराने लहान दिसत असूनही अनेकदा अधिक वजन वाहते.

एका मध्यम कुटुंबाचा हिशेब मांडून पाहावा. गाडीची भारक्षमता १,००० किलो आहे आणि चालकाचे वजन त्यात आधीच वेगळे काढलेले आहे, असे समजू. शेजारी दोन प्रौढ बसले की १५० किलो गेले. उरले ८५० किलो. आता प्रत्येकी २० किलोची पुस्तकांची वीस खोकी म्हणजे ४०० किलो. फ्रिज आणि धुलाईयंत्र मिळून १४०, सोफा ७०, गाद्यांसह दोन पलंग १६०, जेवणाचे टेबल व खुर्च्या ६०, आणि स्टीलची भांडी, पीठ, तांदूळ, डाळी मिळून १२०. बेरीज ९५० किलो. म्हणजे गाडीत अजून पुष्कळ जागा रिकामी दिसत असताना मर्यादा १०० किलोंनी ओलांडली गेली आहे. उसाच्या गाड्या साखर कारखान्याच्या काट्यावर जाताना पाहिलेल्या वाचकांस हे सांगावयास नको, की डोळा जागा मोजतो आणि काटा वजन मोजतो. ब्रिटनमध्येही सार्वजनिक वजनकाटे आहेत, आणि रस्त्यावर तपासणी झाली तर जबाबदारी चालकावरच येते.

ही जबाबदारी केवळ दंडाची नाही. दंड अतिभाराच्या प्रमाणात १०० ते ३०० पौंड होतो, आणि प्रमाण फार असेल तर प्रकरण न्यायालयात जाते. परंतु अतिभारित गाडीस थांबण्यासाठी अधिक अंतर लागते, वळणावर ती कलते, टायर तापतात, आणि अपघात झाल्यास विम्याविषयी वाद उपस्थित होऊ शकतो. पुढच्या आसनांवर स्वतःचेच कुटुंब असते, आणि रस्त्यावर दुसऱ्यांची कुटुंबे असतात.

म्हणून व्हॅन ताब्यात घेताना दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली असलेली वजनाची पट्टी पाहावी. तिच्यावर सामान्यतः चार आकडे असतात : गाडीचे कमाल वजन, मागे जोडगाडी असल्यास दोहोंचे मिळून वजन, पुढच्या आसाचा भार आणि मागच्या आसाचा भार. या गाडीची भारक्षमता नेमकी किती, हा प्रश्न संस्थेला स्पष्ट शब्दांत विचारावा. सामान भरताना जड वस्तू तळाशी, चालकाच्या मागील भिंतीस लागून ठेवाव्यात व पट्ट्यांनी बांधाव्यात. सर्व जड सामान शेवटी दाराजवळ ठेवल्यास एकूण वजन मर्यादेत असूनही मागच्या आसावरील भार मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

तिसरी गोष्ट उंचीची. लुटन व्हॅनची उंची साधारण सव्वातीन मीटर किंवा त्याहून थोडी अधिक असते. मोटारगाडी चालविणाऱ्यास डोक्यावर पाहण्याची सवय नसते. अनेक वाहनतळांच्या प्रवेशद्वारावरील आडवा दांडा दोन मीटरच्या आसपास असतो. जुने रेल्वेपूल आणि झाडांच्या फांद्या वेगळ्याच. मोटारगाडीसाठीचे दिशादर्शक उपकरण ठेंगणे पूल टाळीत नाही. छतास झालेल्या नुकसानीस अनेक भाडेकरारांत विम्याचे संरक्षण नसते, हेही करारात वाचून घ्यावे. गाडीची उंची मीटरमध्ये आणि फूट-इंचांत कागदावर लिहून समोर लावावी. वेगमर्यादाही भिन्न आहे : जेथे मोटारगाडीस एकेरी मार्गावर ताशी ६० मैल आणि दुभाजकाच्या मार्गावर ७० मैल, तेथे अशा व्हॅनला अनुक्रमे ५० आणि ६० मैल.

मग निवड कशी करावी? वाटेवर ठेंगणा पूल नसेल आणि सामानात पलंग, सोफे, कपाटे अशा जागा व्यापणाऱ्या वस्तू अधिक असतील, तर लुटन सोयीची आहे; टेल-लिफ्टमुळे पाठही वाचते. पुस्तके, धान्य आणि यंत्रे अधिक असतील, तर बंद व्हॅन बरी. मात्र फ्रिज चढविण्यासाठी उतरती फळी आणि दोन सशक्त साथीदार हवेत. नवे घर जवळ असेल, तर लहान गाडीच्या दोन फेऱ्या हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग ठरतो. अंतर लांब असेल, तर खोकी बांधण्यापूर्वीच जुनी पुस्तके वाचनालयास आणि न लागणाऱ्या वस्तू गरजूंस देऊन भार हलका करता येतो. ज्यांचे सामान खरोखरच दोन टनांचे आहे, त्यांनी मोठी गाडी चालकासह ठरवावी; तो खर्च वाया गेला असे मानू नये.

परवाना हातात असणे म्हणजे चालविण्याची अनुमती. गाडीत किती भरावे, हा विवेक मात्र ज्याचा त्यानेच राखावयाचा असतो. सामानाची यादी करून तिच्यापुढे अंदाजे वजन लिहिण्यास अर्धा तास पुरतो. घर हलविण्याच्या धांदलीत हा अर्धा तास अवश्य काढावा, आणि मग व्हॅनची नोंदणी करावी.